सन्माननीय सदस्यहो, आपला पत्ता कोणता?

प्रति,
राज्यसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
संसद भवन, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

मी ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागात राहतो. नोकरी सगळी एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकारांच्या कार्यालयात झाली. ऑडिट पार्टीबरोबर गावोगाव हिंडायचं आणि दुसऱ्यांचे हिशोब तपासायचे, हा धंदा. आमच्याकडे पहिली शंका ज्या कागदावर काढतात त्याला हाफ मार्जिन म्हणतात. पान उभं दुमडायचं, डाव्या अर्ध्यात आपली शंका लिहायची, उजवं अर्धं उत्तरासाठी कोरं सोडायचं. उत्तर पटलं तर शंका तिथंच मिटते, नाही पटलं तर तिचा पॅरा, म्हणजे अहवालातला आक्षेप, होतो आणि मग तो वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. हे पत्र हाफ मार्जिन समजावं. पॅरा करण्याचा अधिकार आता माझ्याकडे नाही.

राज्यसभेत लहान राज्यांना किती आवाज आहे आणि सदस्य खरोखर त्या राज्याचे असतात का, हा पत्राचा विषय. निमित्त मात्र अगदीच किरकोळ आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या गोठीतल्या लहानशा वाचनालयाच्या इमारतीसाठी खासदार निधीतून काही मिळतं का, ते बघायचं ठरलं. (ग्वाल्हेरबाहेरच्यांसाठी: सरदारांच्या वाड्यांभोवती वसलेल्या वस्तीला इथे गोठ म्हणतात. चिटणिसांची गोठ, महाडिकांची गोठ. जनावरं आता नाहीत, गोठी आहेत.) लोकसभेच्या खासदाराला आपला मतदारसंघ असतो, राज्यसभेच्या सदस्याला मात्र राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात काम सुचवता येतं, हे मला ठाऊक होतं. म्हणून मध्यप्रदेशातून निवडून गेलेल्या एका सदस्यांच्या राज्यातल्या पत्त्यावर रजिस्टर्ड पत्र धाडलं. तीन आठवड्यांनी पाकीट परत. वर लाल शाईत शेरा : प्राप्तकर्ता यहाँ नहीं रहते. चूक माझीही असेल, पत्ता जुना असेल. पण ते पाकीट मी फाडलं नाही. टेबलाच्या खणात आहे आणि खण उघडला की दिसतं.

माझा जन्म १९४७चा. जन्मलो तेव्हा ग्वाल्हेर संस्थान होतं. शाळेत घातलं तेव्हा आम्ही मध्यभारत नावाच्या राज्यात राहत होतो आणि चौथीत असताना मध्यप्रदेशात गेलो. घर तेच, ओसरी तीच. २८ मे १९४८ला ग्वाल्हेर, इंदूर आणि वीसेक लहान संस्थानं मिळून मध्यभारत झाला. ग्वाल्हेरचे महाराज जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, म्हणजे राज्यपालाच्या जागी. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. आमच्या उन्हाळ्याची ज्याला कल्पना आहे तो या व्यवस्थेला नावं ठेवणार नाही. विधानसभा मोतीमहलात भरायची. संविधान सभेत या राज्याकडून इंदूरचे वि. सी. सरवटे होते, ज्यांच्या नावाच्या बसस्टँडवर आजही माणसं पोहे खात गाडीची वाट बघतात.

१९५२ साली राज्यसभा पहिल्यांदा भरली तेव्हा निवडून द्यायच्या २०४ जागांपैकी मध्यभारताच्या ६ होत्या. ठरलेलं सूत्र असं, की पहिल्या ५० लाखांपर्यंत दर १० लाखांना एक जागा, त्यापुढे दर २० लाखांना एक, आणि शेवटी उरलेली माणसं १० लाखांच्या वर असतील तर आणखी एक. १९५१च्या जनगणनेत मध्यभारताची लोकसंख्या साडेएकोणऐंशी लाख. पाच अधिक एक, उरले साडेनऊ लाख, ते सोडून द्यायचे. सहा. ताळा जमतो. त्या सहांत सीतामऊचे महाराजकुमार रघुवीरसिंह होते, मालव्यातल्या मराठी अमलाच्या काळाचा अभ्यास करणारे इतिहासकार. सीतामऊ हे केवढंसं संस्थान! पण त्यांना पत्र लिहायचं झालं असतं तर पाकिटावर काय लिहावं हा प्रश्न पडला नसता.

तेव्हा आमच्याहूनही लहान भावंडं होती. विंध्यप्रदेशाला ४ जागा, भोपाळला १, कच्छला १. अजमेर आणि कूर्ग या दोघांत मिळून १. अजमेर राजस्थानच्या पोटात, कूर्ग पार कर्नाटकाच्या डोंगरात, आणि दोघांचं दुःख मांडायला माणूस एक! मणिपूर आणि त्रिपुरा यांचीही तीच गत.

१ नोव्हेंबर १९५६ला मध्यभारत संपला. राजधानी भोपाळला गेली आणि बाकीच्यांची समजूत तुकड्यातुकड्यांनी काढली गेली. जबलपूरला उच्च न्यायालय, इंदूरला लोकसेवा आयोग, ग्वाल्हेरला महालेखाकार, राजस्व मंडळ, परिवहन आणि आबकारी आयुक्त. माझी सगळी नोकरी ही त्या समजुतीचाच एक तुकडा होती, तेव्हा तक्रार करू तरी कोणत्या तोंडाने? राज्यसभेत नव्या मध्यप्रदेशाला १६ जागा मिळाल्या. २०००मध्ये त्यातल्या ५ छत्तीसगडला गेल्या, ११ राहिल्या. या अकरांत चंबळचा कोण, माळव्याचा कोण, बुंदेलखंडाचा कोण, याचा हिशोब कुठेच मांडलेला नसतो. मोठ्या राज्यात विरघळलेल्या लहान राज्याचं असं होतं, हे मान्य केलं. पण जी लहान राज्यं विरघळली नाहीत, ज्यांना आपली पाटी आणि आपली विधानसभा आहे, त्यांचं राज्यसभेत काय होतं ते पाहायला बसलो आणि माझ्यातला रिटायर्ड ऑडिटर पुन्हा कामावर रुजू झाला.

आज आठ राज्यांना राज्यसभेत प्रत्येकी एकच जागा आहे : गोवा, सिक्कीम, नागालँड, मणिपूर, मिझोराम, मेघालय, त्रिपुरा आणि अरुणाचल. आठांचे मिळून आठ. एकट्या उत्तर प्रदेशाचे एकतीस. आता प्रामाणिक ऑडिटरने उलट बाजूही लिहायला हवी. २०११च्या जनगणनेनुसार सिक्कीमची लोकसंख्या सहा लाखांच्या थोडी वर, उत्तर प्रदेशाची वीस कोटींच्या घरात. म्हणजे उत्तर प्रदेशात साधारण ६४ लाखांमागे एक सदस्य आणि सिक्कीममध्ये सहा लाखांमागे एक. कागदावर सिक्कीमचा माणूस दसपट भारी. शिवाय आमचा एक ग्वाल्हेर जिल्हा वीस लाखांचा, गोव्याहून मोठा, आणि त्याला राज्यसभेत स्वतःची अशी जागा शून्य. मग लहान राज्यांनी कुरकुरावं कशाला?

कारण सभागृहात मतदान होतं तेव्हा भागाकार कोणी करत नाही. तिथे एकतीस म्हणजे एकतीस आणि एक म्हणजे एक. डोकी मोजायची तर लोकसभा आहेच. ग्वाल्हेर जिल्ह्याला राज्यसभेत जागा नाही आणि नसावी, कारण ते सभागृह राज्यांचं आहे, नावातच तसं लिहिलंय. राज्यसूचीतल्या विषयावर संसदेने कायदा करावा असा ठराव दोन तृतीयांश मतांनी करण्याचा अधिकार घटनेच्या कलम २४९ने तुम्हाला दिला, लोकसभेला दिला नाही. राज्यांच्या हक्काला हात घालायचा तर राज्यांनाच विचारा, हा त्यातला अर्थ. आणि त्या वेळी सिक्कीमला विचारायचं म्हणजे एका माणसाला विचारायचं. त्या दिवशी त्याला ताप आलेला नसला म्हणजे.

एका जागेची खरी गोम मतमोजणीच्या रीतीत आहे आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. राज्यसभेची निवडणूक प्रमाणशीर प्रतिनिधित्वाची, आमदारांनी पसंतीक्रम लावून करायची. मध्यप्रदेशात २३० आमदार आहेत. तीन जागा भरायच्या असल्या तर ५८ आमदारांची पहिली पसंती मिळालेला उमेदवार निवडून येतो. त्यामुळे साठ-पासष्ट आमदारांचा विरोधी पक्षही आपला एक माणूस पाठवतो. सत्तेतलं आणि विरोधातलं, दोन्ही मध्यप्रदेश दिल्लीत पोचतात. आता सिक्कीम. आमदार ३२, जागा एक. १७ मतं ज्याची, जागा त्याची. विरोधी पक्षाकडे १५ आमदार असले तरी सहा वर्षं राज्यसभेच्या दारात उभं राहायचं. कायद्याच्या पुस्तकात रीत तीच, शब्द तेच, पण जागा एक झाली की त्यातलं प्रमाण उडून जातं. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात म्हणून मोठ्या राज्यातली बदललेली हवा तुमच्या सभागृहात हळूहळू येत राहते. सिक्कीमची खिडकी एकच, ती सहा वर्षांतून एकदा उघडते.

आणि ती एक जागा रिकामी झाली तर? त्रिपुराचं उदाहरण ताजं आहे. २०२२च्या मार्चअखेर निवडून गेलेले सदस्य मुख्यमंत्री झाले म्हणून जुलैत बाहेर पडले. सप्टेंबरात दुसरे निवडले गेले. ते २०२४मध्ये लोकसभेवर गेले, पुन्हा जागा रिकामी, पुन्हा सप्टेंबरात पोटनिवडणूक. यात गैर काही घडलं नाही, कुणाला मुख्यमंत्री व्हावंसं वाटलं तर त्याला आपण कोण अडवणार? पण त्या दोन्ही मधल्या काळांत राज्यसभेत त्रिपुरा नव्हता. मध्यप्रदेशाचा एक गेला तर दहा उरतात. विभागवार स्थायी समित्या चोवीस आहेत आणि सदस्य साधारणपणे एकाच समितीवर असतो. म्हणजे जागा भरलेली असतानाही गोव्याचा राज्यसभा सदस्य तेवीस समित्यांत नसतोच. कायद्याचा खरा कीस समितीत पडतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

यापेक्षा वाईट नोंद जम्मू-काश्मीरची. चार जागा फेब्रुवारी २०२१पासून ऑक्टोबर २०२५पर्यंत रिकाम्या होत्या, कारण निवडून द्यायला विधानसभाच नव्हती, आणि ती आल्यावरही वर्ष गेलं. लडाखचं तर खातंच बंद झालं. २०१९पर्यंत त्या चारांत त्याचा वाटा होता. आता तो विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश, म्हणून राज्यसभेत शून्य. शून्यावर ऑडिट शंका काढता येत नाही, खर्चच पडलेला नसतो.

माझ्या बहिणीचा नातू कॅनडात प्रिन्स एडवर्ड बेटावर शिकायला आहे. व्हिडिओ कॉलवर बर्फ दाखवत असतो. मी त्याला विचारलं, तुमच्या बेटाचे वरच्या सभागृहात किती? म्हणाला, आजोबा, चार. मला आधी खरं वाटेना. २०२१च्या जनगणनेत तिथली वस्ती दीड लाखाच्या थोडी वर, एवढी माणसं तर आमच्या लष्करच्या गल्ल्यांत सहज मावतील. आणि १०५ जणांच्या सिनेटमध्ये चार! सव्वा कोटीच्या वर लोकवस्ती असलेल्या ओंटारिओचे चोवीस. त्यामागे जुनी घासाघीस आहे. संघराज्य करायची पहिली बैठक १८६४मध्ये याच बेटावर भरली, पण १८६७मध्ये संघराज्य झालं तेव्हा बेटवाले आत गेलेच नाहीत. सहा वर्षांनी, रेल्वेच्या कर्जाने मान पकडल्यावर गेले. १९१५पासून तिथे आणखी एक नियम आहे : कुठल्याही प्रांताचे खालच्या सभागृहातले सदस्य त्याच्या सिनेटरांपेक्षा कमी असता कामा नयेत. म्हणून बेटाला खालीही चार.

त्यांचं सगळंच उचलावं असं मी म्हणत नाही. त्यांचे सिनेटर निवडून येत नाहीत, पंतप्रधानांच्या सल्ल्याने नेमले जातात आणि पंच्याहत्तरीपर्यंत बसतात. हे आपल्याकडे आणलं तर काय होईल ते बोलायला नको. पण एक अट मला आवडली. सिनेटर ज्या प्रांताचा, त्या प्रांतात तो राहणारा हवा आणि चार हजार डॉलरची स्थावर मालमत्ता तिथे त्याच्या नावावर हवी. रक्कम जुन्या काळची, आज त्यात गोठाही यायचा नाही. तरी या अटीची धार गेलेली नाही. याच बेटाच्या एका सिनेटरचं खरं घर बेटावर की राजधानीजवळ, यावरून २०१३च्या सुमारास तिथे मोठं वादळ झालं. पुढे २०१६मध्ये न्यायालयाने त्यांना सगळ्या आरोपांतून मोकळं केलं. निकाल काही लागो, पत्त्याचा प्रश्न तिथे विचारला गेला.

आपल्याकडे तो विचारायची सोयच ठेवलेली नाही. २००३पर्यंत कायदा असा होता, की ज्या राज्यातून राज्यसभेवर जायचं त्या राज्याच्या मतदार यादीत तुमचं नाव हवं. त्यातही पळवाटा होत्या, भाड्याच्या खोलीचा पत्ता देऊन नाव चढवता येत असे, पण निदान खोटं बोलताना माणसाला थोडी लाज वाटायची. घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या न्या. वेंकटचलय्या आयोगाने २००२मध्ये सांगितलं होतं, ही अट राहू द्या. पुढच्याच वर्षी ती काढली. आता देशातल्या कुठल्याही मतदारसंघाचा मतदार कुठल्याही राज्यातून उभा राहू शकतो. त्या वेळी पंतप्रधान होते आमच्या ग्वाल्हेरचेच अटलजी, हे लिहिताना बोट जरा अडखळतं. या बदलाविरुद्ध पत्रकार कुलदीप नय्यर सर्वोच्च न्यायालयात गेले. २००६मध्ये घटनापीठाने निकाल दिला, की रहिवासाची अट हा आपल्या संघराज्याचा अनिवार्य भाग नाही. निकाल मान्य. पण त्याचा अर्थ, ही अट घालायची की नाही ते संसदेने ठरवायचं, एवढाच मी समजतो. कोर्टाने अट घालायला बंदी केलेली नाही.

मध्यप्रदेशातून २०२१मध्ये तमिळनाडूचे एल. मुरुगन आणि २०२४मध्ये केरळचे जॉर्ज कुरियन बिनविरोध गेले. हे दोघे भाजपचे. काँग्रेसचं बघायचं तर डॉ. मनमोहनसिंग १९९१पासून २०१९पर्यंत आसामातून होते. व्यक्तींबद्दल माझी काही तक्रार नाही, आणि भाषेचा मुद्दा तर मी काढूच शकत नाही. आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोक काय इथल्या मातीतून उगवलो? दौलतराव शिंद्यांचा तळ १८१०च्या सुमारास किल्ल्याखाली पडला, त्या लष्कराचंच हे लष्कर झालं. फरक इतकाच, की आमचा तळ उठला नाही. इथेच नळाच्या रांगेत भांडलो, इथल्याच स्मशानात आजोबा-पणजोबांना पोचवलं. मुरुगनजींनी इथे घर करावं, आमच्यासारखी चुकीची हिंदी बोलावी, मी त्यांना आनंदाने आमचे म्हणेन.

इथे माझा एक मित्र नेहमी आडवा येतो. म्हणतो, अहो, १९४६मध्ये मुंबई प्रांतातून वाट बंद झाल्यावर बाबासाहेब संविधान सभेत गेले ते बंगालमधून. तुमची अट असती तर? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. माझं उत्तर असं, की संविधान सभा सगळ्या देशाची घटना लिहायला बसली होती, बंगालचं गाऱ्हाणं मांडायला नव्हे. राज्यांचं सभागृह ही गोष्ट वेगळी, आणि तिथे १९५२मध्ये बाबासाहेब गेले ते मुंबई राज्यातूनच. देशाला हवा असलेला पण कुठल्याच राज्याचा नसलेला विद्वान आणायचा तर राष्ट्रपतींच्या बारा जागा आहेतच. मित्राचं पूर्ण समाधान झालेलं नाही. तो मान हलवतो आणि चहा मागवतो.

तुम्ही म्हणाल, आठ लहान राज्यं तर बहुतेक आपलीच माणसं पाठवतात, मग पत्त्याचा आणि त्यांचा संबंध काय? संबंध हा, की मोठी राज्यं आपल्या जागा पक्षाच्या सोयीला देतात तेव्हा सभागृहाची सवयच बदलते. मग लहान राज्याचा एकुलता एक सदस्य उभा राहून राज्याचं काही बोलू लागला की त्याच्या आजूबाजूला बसलेल्यांना ते ऐकण्याचं कारण उरत नाही. ते स्वतः कुठल्या राज्याच्या वतीने तिथे बसलेले नसतात. अकरांतला एक सदस्य बाहेरचा असणं मध्यप्रदेशाला परवडतं. एकातला एक बाहेरचा निघाला तर, आणि कायद्याने तो उद्याही निघू शकतो, त्या राज्याकडे काय शिल्लक राहील?

तेव्हा मागणं. रहिवासाची अट परत आणा, आणि नुसती मतदार यादी नको, काही वर्षांचा खरा वास हवा. घटनेला हात लावायला नको, लोकप्रतिनिधित्व कायद्याची साधी दुरुस्ती पुरते. सरकार आणत नसेल तर तुमच्यापैकी कोणीही शुक्रवारी खासगी विधेयक मांडू शकतो.

दुसरं जड आहे. कुठल्याही राज्याला तीनपेक्षा कमी जागा नसाव्यात. तीन का, तर दर दोन वर्षांनी एक निवृत्त होईल, एक गेला तरी दोन उरतील. केंद्र-राज्य संबंधांवरच्या पुंछी आयोगाने २०१०मध्ये सगळ्या राज्यांना सारख्याच जागा द्यायला सांगितलं होतं, मी तितक्या दूर जात नाही. आठ राज्यांना दोन-दोन वाढवायच्या तर सोळा जागा लागतात. आज निवडून द्यायच्या २३३ आहेत आणि घटनेची मर्यादा २३८, म्हणजे शिल्लक फक्त पाच. सबब कलम ८० बदलावं लागेल, राज्यवार जागांची चौथी अनुसूची बदलावी लागेल आणि निम्म्या राज्यांची संमती लागेल. मोठी राज्यं नाक मुरडतील. त्यांची एकही जागा कमी होत नाही, हे त्यांना कोणीतरी शांतपणे समजावून सांगायला हवं.

तिसऱ्याला तर कायदाही लागत नाही. वर्षातून एक दिवस, ज्या आमदारांनी निवडून दिलं त्यांच्यासमोर जाऊन बसा आणि आपल्या राज्याबद्दल त्या वर्षात काय विचारलं, काय मागितलं, कशाला विरोध केला ते सांगा. सरपंचाला ग्रामसभेपुढे हे करावंच लागतं.

वाचनालयाची इमारत आम्ही वर्गणीतून उभी केली, त्यासाठी आता काही नको. हे पत्र पान दुमडून डाव्या बाजूला लिहिलं आहे. उजवी बाजू कोरी आहे. पाकीट संसद भवनाच्या पत्त्यावर पाठवतोय, तिथे तरी आपण सापडाल. मागच्या बाजूला रीतीप्रमाणे लिहिलं आहे : न पोहोचल्यास परत पाठवावे, लष्कर, ग्वाल्हेर.

आपला,
एक सेवानिवृत्त लेखापरीक्षक